मदत हवी आहे : लेझर कटरचा कंट्रोलर बोर्ड बदललाय, पण लेझर आपोआप फायर व्हायलाय

नमस्कार मंडळी, माझ्याकडं ४० वॅटचं सीओटू लेझर मशीन आहे, चपलांच्या पट्ट्यांवर नक्षी आणि गणपतीच्या मखरासाठी एमडीएफ कापतो. जुना बोर्ड गेला म्हणून ईएसपी३२ चिपवरचा जीआरबीएल (मशीनच्या मोटरी आणि लेझर चालवणारं सॉफ्टवेअर) बोर्ड बसवला. मोटरी नेमा १७ मापाच्या स्टेपर आहेत, त्या फिरवणारे ड्रायव्हर ए४९८८. एक्सची (आडव्या दिशेची) मोटर आणि लिमिट सेन्सर (टोक ओळखणारे) एकाच चपट्या रिबन केबलवर होते, त्या वायरी मल्टिमीटरनं एकेक शोधून जोडायलाच दोन रात्री गेल्या. मिलिमीटरमागं मोटरच्या स्टेप्स १५७ च्या आसपास ठेवल्यावर १०० मिलिमीटरचा चौकोन बरोबर येतोय, ते काम झालं.

खरी अडचण पुढं आहे. लेझरच्या पॉवर सप्लायची एल पिन (लेझर पेटवणारी) बोर्डाच्या पीडब्ल्यूएमला (लेझरची ताकद कमी-जास्त करणाऱ्या पिनला) जोडली की बोर्ड चालू होताना क्षणभर लेझर पेटतो, आणि बंद असायला पाहिजे तेव्हापण कधीकधी बारीक रेघ उमटते. एल पिन ग्राउंडला गेली की फायर होते हे माहितेय, म्हणून वाटतंय लेझर पूर्ण बंद ठेवायला बोर्डाचे ३.३ व्होल्ट ५ व्होल्टच्या पिनला कमी पडतात. मध्ये मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकून ओपन ड्रेन करावं, म्हणजे पिन एकतर ग्राउंडला नाहीतर मोकळी, का लेव्हल शिफ्टर (३.३ चे ५ व्होल्ट करणारा) लावावा? कुणी केलं असेल तर रेझिस्टर कितीचा लावला तेपण सांगा.

सध्या एल ची वायर काढूनच ठेवलीय, घरात लहान पोरं आहेत, डोळ्याचा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जवळपास कुणी हे काम करणारं असेल तर मशीन घेऊन यायची तयारी आहे, गणपतीच्या ऑर्डरी घेऊन बसलोय त्यामुळं जरा लवकर सांगा.