मदत हवी आहे: मुलगी खेळण्यांशी खेळतच नाही, जूनमध्ये शाळा आहे

जुळेसोलापूर_आई
प्लीज लवकर सांगा. शाळेने स्पष्ट सांगितलंय, डबा स्वतः उघडायचा, बूट स्वतः घालायचे, शू आली की बाईंना सांगायचं. आमच्याकडे यातलं काहीही होत नाही, सगळं हातात द्यावं लागतं. एका मैत्रिणीने सांगितलं की मुलं खोटंखोटं खेळली की स्वतःचं स्वतः करायला लागतात. म्हणून किचन सेट आणला, डॉक्टर सेट आणला. ढुंकूनही बघत नाही. आता कोणता सेट घेऊ? नक्की उपयोगी पडेल असंच सांगा, प्रयोग करायला वेळ नाही.

होटगीरोड
वय किती? बोलते का नीट?

कोकणातून_सोलापुरात
सेटच घ्यायचा तर सावंतवाडीची लाकडी भातुकली घ्या. जातं, चूल, पाटा-वरवंटा, सगळं हातात मावणारं. प्लास्टिकचं घेतलंत तर आयएसआय खूण बघा, २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. गड्ड्याच्या यात्रेत सुट्टी खेळणी घेतो आपण, त्यावर कोणी खूण बघत नाही.

परिचारिका_विजापूररोड
वय सांगाच ताई, त्यावर बरंच अवलंबून आहे. दीड-दोन वर्षांच्या पुढचं मूल असं काहीच खेळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर सेट बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरवत नाही, पण हे वेळेत बघितलेलं बरं.

जुळेसोलापूर_आई
चार पूर्ण होतील आता. बोलते, भरपूर बोलते, डोकं उठवते. तसलं काही नाही. लाकडी सेट सोलापुरात कुठे मिळेल?

दोन_लेकरांचा_बाप
मोबाईल काढून घ्या. दुसरं काही करू नका.

ज्वारीची_भाकरी
दुधात भाकरी कुस्करून द्या, वर थोडा गूळ. आमची नात काहीच खायची नाही, आता वाटी संपवते.

जुळेसोलापूर_आई
काकू, खाण्याचा प्रश्न नाहीये. आणि मोबाईल आम्ही देतच नाही.

बालवाडीताई
थांबा, काही विकत घेऊ नका. ती दिवसभर काय करते ते सांगा. घरी कोण असतं?

जुळेसोलापूर_आई
मी नोकरी करते, सासूबाई असतात. करते काय, पसारा. पाण्याच्या दिवशी, म्हणजे नळाला पाणी येतं त्या दिवशी, तर विचारू नका. तांबे, वाट्या, पातेली अंगणात ओळीने मांडते. झाडूचा दांडा फरशीच्या खाचेत टेकवून गोल गोल फिरवते आणि "सोडलं पाणी, भरा भरा" म्हणून ओरडते. बाहुलीला रांगेत उभं करते, टेडीला म्हणते तुमचा नंबर नंतर. सासूबाईंना खरी भांडी लागतात तेव्हाच नेमकी. मग रडारड. हा दंगा आहे, खेळ नाही. मला तिला काही शिकवणारं हवंय.

बालवाडीताई
अहो ताई, तुम्ही जे विकत आणायला निघालाय ते घरात चालूच आहे! झाडूचा दांडा तिने पाण्याची चावी केला आणि स्वतः झाली गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी नेमकं हेच लिहिलंय, काठीचा घोडा करताना मूल पहिल्यांदा वस्तू आणि तिचा अर्थ वेगळा करतं. दुसरं त्याहून मोठं: चावीवाला झालं की चावीवाल्याचे नियम पाळावे लागतात. रांग लावायची, टेडीला थांबवायचं, आपणही थांबायचं. एरवी मिनिटभर न थांबणारं पोर खेळात पहारेकरी म्हणून उभं केलं की कितीतरी जास्त वेळ न हलता उभं राहतं. रशियात १९४८ मध्ये याचा प्रयोगही झालाय, मी वर्गात रोज बघते.

डॉक्टर सेट तिला नकोय कारण डॉक्टरकडे ती फक्त सुई खाते. चावीवाला आला की मात्र अख्खी गल्ली धावते. तिच्या जगात सगळ्यात मोठा माणूस तो आहे.

आता करायचं एवढंच. "डबा उघड" असा हुकूम नको. "चावीवाले, जेवायची सुट्टी झाली, डबा आणलाय ना?" असं विचारा. फेरीवर निघायच्या आधी पायात काय घालायचं, तेही त्यांनाच विचारा.

खरं_काम
माझं मत वेगळं आहे. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तिथे खेळणी ठेवली होती. मुलांनी ती बाजूला सारली आणि खरी कामं धरली. डबा उघडायला शिकवायचा तर डबा द्या, नाटक कशाला? झाकण घट्ट असेल तर चार वर्षांच्या बोटांना निघतच नाही, मग मुलीला दोष. आणि खोटंखोटं खेळून अमुक होतं हे ठामपणे सिद्ध नाही. मानसशास्त्रज्ञ लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरचा पुरावा तपासून तसंच लिहिलंय.

बालवाडीताई
झाकणाचं अगदी मान्य. पण २०१७ चा अभ्यासही बघा. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं, जी मुलं स्वतःला बॅटमॅन समजून करत होती ती जास्त वेळ टिकली. आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ मॉन्टेसरीच्याच वाटेने गेल्या, तरी कोसबाडच्या पाड्यांवर शिंपले, पानं, खडे हेच साहित्य केलं. खरं काम आणि खेळ यांच्यात भांडण लावू नका.

खरं_काम
भांडण नाही. तिला खरं पाणी भरू द्या, छोटा तांब्या द्या, एवढंच म्हणणं. दिवसभर खोटं पाणी का भरायचं?

पूर्वभाग
दोघांचं बरोबर हाय की. आमची पोरगी आज्जीसोबत माग चालवायचं खेळायलीय सध्या, पलंगाच्या कठड्याला दोऱ्या बांधून. एरवी आज्जीच्या तेलुगूला मराठीतच उत्तर देती, पण मागावर बसली की सगळं तेलुगूत. आम्ही कोणी शिकवलं नाही. विषय सोडून विचारतो, जुळे सोलापुरात पाणी कितव्या दिवशी यायलंय? आमच्याकडं वेळच कळंना.

दोन_लेकरांचा_बाप
आमच्याकडे मध्यरात्री. मुलं झोपलेली असतात म्हणून बरं.

होटगीरोड
पाण्याचं निघालं म्हणून विचारतो, ताई, अंगणात हौद आहे का? झाकण कसलं आहे? हे तुम्ही लिहिलंच नाही.

जुळेसोलापूर_आई
हौद आहे. वर पत्रा असतो.

होटगीरोड
पत्रा आजच्या आज बदला. कडी-कुलपाचं झाकण बसवून घ्या. पाण्याच्या दिवशी हौद उघडा, मोठी माणसं मोटारीच्या मागे आणि पोर चावीवाला होऊन फिरतंय, हे भयंकर आहे. भरलेली बादलीसुद्धा लहान मूल बुडायला पुरते. हौद उघडा असेल तोवर एका माणसाने फक्त तिच्याकडे बघायचं. बाकी खेळाचं नंतर ठरवा.

परिचारिका_विजापूररोड
याला शंभर टक्के अनुमोदन.

जुळेसोलापूर_आई
झाकणाचं सांगितलं यांना, उद्या माणूस येतोय. पण सासूबाईंचं काय? त्या भांडी देणार नाहीत.

बालवाडीताई
त्यांची भांडी नकोतच. जुनी चार पातेली, दोन तांबे एका टोपलीत, ती तिची. हौदापासून लांबचा कोपरा ठरवून द्या. आणि सासूबाईंनाच खेळात घ्या. "चावीवाले, आमच्याकडे प्रेशरच नाही" एवढी तक्रार त्यांनी केली तरी पुरे. पोर विचार करून उत्तर देईल. खेळ संपला की टोपली भरायचं कामही चावीवाल्याचंच. फक्त एक, खेळ तिचा आहे. तुम्ही सारखं शिकवायला लागलात की ती उठून जाईल.

जुळेसोलापूर_आई
आज करून बघितलं. डबा उघडला! झाकणाची एक बाजू मी आधी सैल केली होती. पण बूट नाहीच. म्हणते चावीवाले चप्पल घालतात. आता?

पूर्वभाग
बरोबर हाय तिचं, ती रोज बघती.

खरं_काम
वेल्क्रोचे बूट घ्या, लेसचे नकोत. आतल्या कडांना पेनने दोन अर्धी चित्रं काढा, जोडी नीट लागली की चित्र पूर्ण. घाईच्या वेळी शिकवू नका, संध्याकाळी शिकवा. आणि शाळेला विचारा, पट्ट्याची सँडल चालते का.

जुळेसोलापूर_आई
विचारते. शूचं मात्र कोणीच सांगितलं नाही.

बालवाडीताई
शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा तिला नेऊन तिथलं बाथरूम दाखवा. बरीच मुलं अनोळखी जागेला घाबरून दाबून ठेवतात. चड्डी इलॅस्टिकची, स्वतःला खाली करता येईल अशी. घरी बाहुलीची शाळा भरवा, बाई तुम्ही व्हा, बाहुलीला मध्येच शू येऊ द्या, आणि तुमच्याशी काय बोलायचं ते बाहुलीच्या तोंडून तिला बोलू द्या. शाळेत कोणता शब्द वापरतात तेही बाईंना विचारून ठेवा, म्हणजे घरीही तोच वापरता येईल.