दोनच टायर घ्यायचे तर

कारचे चारपैकी दोनच टायर बदलायचे तर नवे पुढे टाका, असं काही जण सुचवतात. उलट करा, नवी जोडी मागे. पावसात मागच्या झिजलेल्या टायरांची पकड सुटली की गाडी गर्रकन फिरते, मग स्टिअरिंगने सावरणं कठीण. पुढचे घसरले तर निदान ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरवता येतो.

साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) DOT या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ती बनल्याची तारीख: 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा. वर्षाच्या आतलाच माल मागा. जुन्या टायरवर 165/80 आर14 85टी असं माप असेल तर 85 या भारक्षमतेच्या आकड्याच्या (टायरमागे 515 किलो) खाली उतरू नका. टी म्हणजे ताशी कमाल 190 किमी, त्याहून जास्त वेगाच्या एचचे जादा पैसे कशाला? जुने एकाच कडेने खाल्ले गेले असतील तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आधी, नाहीतर नवेही तसेच जातील. भाव नवा व्हॉल्व्ह (हवा भरायची नळी) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन समतोल करणं) धरूनच ठरवा.