तळ्याभोवती बायपास पाईप टाकून पावसाचं पाणी बाहेर काढायचं का? माझा विरोध, तुमचं मत सांगा

तळ्याकाठी:
मंडळी, आमच्या उपनगरात कॉलनीच्या मागं एक बारकं तळं आहे, पूर्वी माळावरचं पाणी यायचं, आता चारी बाजूनं अपार्टमेंट आणि सिमेंटचे रस्ते. पाणी हिरवंगार झालंय, वास येतोय, म्हणून मागणी चाललीय की तळ्यात येणारी सगळी गटरं बंद करून मोठा ह्यूम पाईप (सिमेंटचा) टाकायचा आणि पावसाचं पाणी तळ्याला वळसा घालून थेट ओढ्यात सोडायचं. माझा याला ठाम विरोध आहे. तळं मरतंय ते सांडपाण्यानं, पावसाच्या पाण्यानं नव्हे. आपल्या कोल्हापूरचा कळंबा तलाव बघा, कात्यायनीच्या डोंगराकडनं येणाऱ्या पावसाच्या पाण्यावरच भरतोय की. पावसाळ्यात येणारं पाणीच तोडलं तर मार्चपर्यंत तळ्यात चिखल उरेल, आणि एकदा तळं कोरडं पडलं की त्यावर कुणाचा डोळा असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. वरुणतीर्थ तळ्याचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थ तळ्याचं मार्केट झालं, आणि गांधी मैदानात अजून पावसाळ्यात पाणी साचतंयच.

उतारावरचा:
भावा भावना समजल्या पण पावसाचं पाणी स्वच्छ असतं हे कुणी सांगितलं? आमच्या रस्त्यावर गाड्यांचं ऑईल, गोठ्यातलं शेण, बांधकामाची वाळू, कुत्र्यांची घाण, चिकनच्या गाड्यांचा कचरा, हे सगळं उन्हाळाभर साठतं आणि पहिल्या वळवात एका दमात तळ्यात जातं. त्या पहिल्या पाण्यातच सगळ्यात जास्त घाण असते. माझं मत पाईप टाकाच.

तळ्याकाठी:
पहिल्या पाण्याबद्दल बरोबर बोललात, पण त्यासाठी चारी महिन्याचं पाणी का घालवायचं? गटर तळ्यात शिरतं तिथं आधी एक गाळखड्डा करा, जेसीबी आत उतरेल एवढा, वर जाळी, पाणी तिथं थांबलं की वाळू माती खाली बसते, आणि बरंचसं फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून येतं ते पण तिथंच अडकतं. शेवाळाला तेच लागतं. पुढं कर्दळ, लव्हाळ्याचा उथळ पट्टा ठेवा. खड्डा दरवर्षी मे महिन्यात उपसला पाहिजे मात्र, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात साठलेला सगळा गाळ उठून तळ्यात.

खालच्या_गल्लीतली:
तुम्ही सगळे वरच्या अंगाला राहताय म्हणून तळं भरू दे म्हणताय. आमची घरं सांडव्याच्या खाली आहेत. ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की सांडव्यातनं येणारं पाणी आमच्या दारात, त्यात मैला तरंगत असतो, पोरांना घेऊन माळ्यावर बसायचं का? पाईप झाला तर निदान पाणी दुसरीकडनं जाईल.

तळ्याकाठी:
ताई तुमचा त्रास खरा आहे आणि तळं जपायचं म्हणून तो तुम्ही सोसावा असं मी म्हणणारच नाही. पण हिशेब बघा. १० हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५ लाख लिटर पाणी होतं, छपरं आणि काँक्रीट असेल तर त्यातलं बरंचसं तासाभरात वाहून येतं. तळं ते धरून हळूहळू सोडतं. पाईप ते एकदम ओढ्यात ओतणार, ओढा जयंती नाल्याला, नाला पंचगंगेला, आणि नदी फुगली की नाल्याचं पाणी मागं फिरतं हे २०१९ आणि २०२१ ला सगळ्या शहरानं बघितलंय. तवा पाईपातलं पाणी जाणार कुठं, परत तुमच्याकडंच.

खालच्या_गल्लीतली:
मग पावसाळ्याआधी तळं काठोकाठ भरलेलं का ठेवता? मे अखेर पातळी दोन फूट खाली आणा, सांडव्याला दार बसवा, सांडव्याखालचा चर मोकळा करा. ते लिहून द्या, मग बोलू.

पंप_आणि_हवा:
एवढं खोदकाम कशाला, कारंजी बसवा, बॅक्टेरियाची पावडर टाका, पाणी महिन्यात निवळतं.

तळ्याकाठी:
पटत नाही. मासे मरतात ते बहुतेक पहाटे, कारण शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं आणि सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. कारंजं रात्रभर चालवलं तर मासे वाचतील हे मान्य, पण आपल्याकडं ते संध्याकाळी फिरायला येणाऱ्या लोकांसाठी चालतं आणि रात्री बंद. आणि तळाशी हवा संपली की गाळातलंच फॉस्फरस सुटून वर येतं, म्हणजे वरनं मैला चालू आणि खालनं गाळ, मधे पावडर काय करणार? रंकाळा तलावात केंदाळ (जलपर्णी) किती वेळा काढलं, नाल्यांचं सांडपाणी येत होतं तोवर ते परत वाढतच होतं.

उतारावरचा:
बरं, पण सांडपाणी वेगळं कसं करणार? आमच्याकडं एकच गटर, त्यात किचनचं पाणी, सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो आणि पाऊस तिन्ही. कागदावर लाईन वेगळी, जमिनीवर एकच.

तळ्याकाठी:
एप्रिलमध्ये जाऊन गटराचं तोंड बघायचं. पाऊस नसताना जे वाहतंय ते सांडपाणीच, जास्त तपासणी लागत नाही. तेवढ्या धारेपुरता गटरात बुटका बांध घालायचा, की ती धार ड्रेनेज लाईनला वळते, आणि मोठा पाऊस आला की पाणी बांधावरनं तळ्याकडं जातं.

उतारावरचा:
आणि त्या मोठ्या पावसात बांधावरनं मैला पण जाणारच की! शिवाय आमची ड्रेनेज लाईन ९ इंची, पावसाचं पाणी शिरलं की चेंबर उसळतात. बांध म्हणजे अर्धा इलाज. घरोघरची कनेक्शनं आधी ड्रेनेजला जोडा, नाहीतर माझं मत पाईपालाच.

तळ्याकाठी:
कनेक्शनं जोडायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही, पण त्याला वर्षं लागतील आणि बांध एका उन्हाळ्यात होतो. लाईनकडं जाणाऱ्या तोंडाला पावसाळ्यात बंद करता येईल असं दार ठेवा, म्हणजे चेंबर उसळणार नाहीत. तेवढे दिवस पातळ झालेला मैला तळ्यात जाईल, ते नुकसान मी पत्करतो. कोरडं तळं नाही पत्करत.

खालच्या_गल्लीतली:
तुम्ही पत्करताय, सांडव्यातनं येणार आमच्याकडं. ते दार पावसात रात्री दोन वाजता कोण बंद करणार आणि सांडव्याचं कोण उघडणार, माणूस नेमलेला असेल तर सांगा. वॉर्डच्या मीटिंगला मी हेच विचारणार आहे.