मदत हवी आहे: सी भाषेतली जुनी लिंक्ड लिस्ट दुरुस्त करू की मोडून टाकू?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय, म्हणजे धाग्यांच्याच गावातून धागा काढतोय, सांभाळून घ्या. मोबाइलवर आहे, कोड डकवता येत नाही, शब्दांतच सांगतो.

आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे, यंत्रमागावर जाकार्ड (भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणवणारं यंत्र) बसवलेलं. नक्षीच्या चित्रावरून कुठल्या कार्डाला कुठं भोक पाडायचं याची यादी काढून देणारा सीमधला एक ओपन सोर्स प्रोग्राम आम्ही वापरतो. मूळ लेखक मेलला उत्तर देईनासा झालाय. मी मध्ये दोन-चार बग काढून पाठवले, तेव्हापासून सगळे ‘आता तुम्हीच बघा’ म्हणतात. मी डिप्लोमावाला, सी परीक्षेपुरतं शिकलेला.

यादी लिंक्ड लिस्टमध्ये आहे, प्रत्येक भोकाला एक नोड, म्हणजे मेमरीतली एक नोंद. त्यात कार्ड नंबर, हुक (धागे उचलणारा आकडा) नंबर आणि नेक्स्ट, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता. नवा नोड जोडणारं फंक्शन दर वेळी हेडपासून, म्हणजे यादीच्या सुरुवातीपासून, चालत शेवट गाठतं. छोट्या नक्षीला काही जाणवत नाही. परवा मोराची मोठी नक्षी टाकली (४०० हुक, २,००० कार्डं, निम्मी भोकं धरली तर ४ लाख नोड), चौकात जाऊन चहा पिऊन आलो तरी चालूच.

दुसरं दुखणं विचित्र आहे. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं नीट, भावाच्या नव्या लॅपटॉपवर मात्र बंद होताना हमखास कोसळतो. “काय बे हे, माझाच लॅपटॉप खराब हाय का?” म्हणून तो माझ्यावर चिडलाय. शेवटी यादी मोकळी करणारा लूप आहे, त्यात नोड फ्री करून (म्हणजे त्याची मेमरी परत देऊन) मग त्याच नोडच्या नेक्स्टवरून पुढं जातात.

आणि डिलीटमध्ये इफच इफ: पहिला नोड असेल तर, एकच असेल तर... वाचताना डोकं गरगरतं.

सगळं मोडून अ‍ॅरे (सलग जागांची यादी) करू का? आणखी काही कारखानेवाले हा वापरतात. बिघडलं तर शिव्या मलाच.

प्रतिसाद १
रस्ट भाषेत नव्यानं लिहा.

धागाकर्ता
दादा, इथं सी येईना धड, रस्ट कुठनं आणू?

प्रतिसाद २
मोडू नका. आधी कोसळणं थांबवा. भावाचा लॅपटॉप ठणठणीत आहे, उलट त्यानंच चोर पकडून दिलाय. फ्री केलेली जागा आपली राहत नाही. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची लायब्ररी, २.२९ पासून (२०१९) फ्री झालेल्या छोट्या जागेच्या पहिल्या १६ बाइटांत स्वतःच्या नोंदी लिहिते. तुमचे दोन इंट (कार्ड आणि हुक नंबर) मिळून ८ बाइट, त्याला लागून नेक्स्ट, म्हणजे नेमका तोच पुसला जातो. जुनी ग्लिबसी तिथं फक्त पहिले ८ बाइट बदलायची, म्हणून तुमच्याकडं चुकून चालतंय. चूक दोन्हीकडं आहेच. फ्री करण्याआधी नेक्स्ट वेगळ्या पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवायच्या जागेत) ठेवा. मग अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि -g लावून कंपाइल करून चालवा, चाललेल्या भागात असं आणखी कुठं असेल तर ओळ नंबरासकट दाखवेल.

मग टेल पॉइंटर, म्हणजे शेवटच्या नोडचा पत्ता जपून ठेवा. आत्ता ४ लाख नोड जोडायला सुमारे ८,००० कोटी पावलं पडतात. टेल असेल तर ४ लाख.

डिलीटला पॉइंटरचा पॉइंटर वापरा: नोडवर नाही, नोडकडं बोट दाखवणाऱ्या जागेवर चाला. हेडही तशीच एक जागा, त्यामुळं पहिल्या नोडचा वेगळा इफ उरत नाही. फक्त शेवटचा नोड काढला की टेल मागं आणायला विसरू नका. मी स्वतः तिथं दोन रात्री घालवल्यात.

बीएसडीची क्यू हेडर फाइल (लिस्टचे तयार मॅक्रो देणारी) लिनक्सवरही असते, तीही चालेल. पण फिरता फिरता नोड काढू देणारे सेफ मॅक्रो ग्लिबसीच्या प्रतीत नाहीत. ते आहेत असं समजून बसू नका.

धागाकर्ता
फ्रीचं आत्ता डोक्यात शिरलं! आमच्याकडं कार्डं दोरीनं ओवणारे एक मामा आहेत. फाटलेलं कार्ड बदलायचं असलं की आधी पुढच्या कार्डाची दोरी डाव्या करंगळीत अडकवतात, मगच कात्री लावतात. एकदा मी घाईत आधी कापलं, अख्खी माळ घसरून मागाखाली. दुपारभर कार्डं नंबरानं लावत बसलो होतो.

प्रतिसाद ३
तुमच्या मामांकडंच खरं उत्तर आहे. ते कार्डं ओवतात, भोकं ओवत नाहीत ना? मग भोकांची लिस्ट कशाला? कार्डांची लिस्ट ठेवा, मध्ये घालायला-काढायला ती सोयीचीच. भोकं मात्र कार्डाच्या नोडमध्येच बिट (भोक असेल तर १, नसेल तर ०) म्हणून ठेवा. ४०० हुक म्हणजे ५० बाइट. २,००० कार्डांची भोकं १ लाख बाइटांत बसतात. आत्ता प्रत्येक नोड १६ बाइटांचा असला तरी ६४-बिट ग्लिबसीत मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) त्यासाठी ३२ बाइट खर्च करतो, ४ लाखांचे झाले १ कोटी २८ लाख. एवढ्या पसाऱ्यात पॉइंटरमागं धावताना प्रोसेसर बराच वेळ मेमरीची वाट बघत बसू शकतो.

पण हे शेवटी. आधी फ्री, मग टेल, मग डिलीट. प्रत्येकाचा वेगळा पॅच (बदलाची फाइल). एकत्र गुंडाळून दिलेला पॅच कुणी वाचत नाही.

धागाकर्ता
पहिले दोन पॅच गेले. भावाचा लॅपटॉप शांत आहे, भाऊही. मोर तर एंटर दाबून हात उचलेपर्यंत तयार.

बिटांचं सुरू केलं आणि एक अडलं. जुना प्रोग्राम भोकं चित्रात ज्या क्रमानं रंगवली त्याच क्रमानं छापतो, बिटांतून ती डावीकडून उजवीकडं निघतात. पंचिंगवाल्याला तो क्रम लागतो का, माहीत नाही. उद्या त्याचं दुकान उघडलं की विचारून इथंच लिहितो, तोवर धागा बंद करू नका.