टू-डी इको रिपोर्टमधल्या शब्दांचे अर्थ सांगाल का? (वडील, वय ६८)

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. फिटनेससाठी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायला लावला होता. फिजिशियननी कागद पाहून 'करायला हरकत नाही' म्हणून सही दिली, पण बाहेर एवढी रांग होती की पुढचं काही विचारता आलं नाही. आता रिपोर्ट आईच्या हाती लागलाय. 'एलव्हीईएफ ६० टक्के' वाचून 'म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं' असं ती धरून बसलीय, आणि मामाला फोनवर तसं सांगूनही झालंय.

शेवटी इम्प्रेशनमध्ये हे आहे : एलव्हीईएफ ६० टक्के, नो आरडब्ल्यूएमए, ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल टीआर, माइल्ड एलव्हीएच. बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून, शुगर नाही, जिना चढताना दम लागत नाही. उपचार विचारत नाहीये, अर्थ हवेत. त्यातही ते 'डिसफंक्शन' काय आहे?

प्रतिसाद १
आईंना आधी सांगा, हे शंभरपैकी मार्क नाहीत. धडधाकट हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि एका ठोक्यात ७२ मिली बाहेर गेलं, की ईएफ (तोच एलव्हीईएफ) झाला ६० टक्के. ५५ ते ७० म्हणजे उत्तम. ४० किंवा त्याखाली असता तर काळजी होती.
आरडब्ल्यूएमए म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट न हलणं. अटॅक येऊन गेला असेल तर असं दिसतं. इथे 'नो' आहे, छान. (मात्र एवढ्यावरून रक्तवाहिन्यांत ब्लॉक नाहीच असं ठरत नाही.) टीआर म्हणजे उजवीकडच्या झडपेतून थोडं रक्त मागे येणं, ट्रिव्हियल असेल तर सोडून द्या, निरोगी माणसांतही सर्रास सापडतं.

प्रतिसाद २
राहिलेले दोन एकमेकांत गुंतलेत. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, ते एलव्हीएच. जाड भिंत ठोक्यानंतर सैल पडायला वेळ घेते. मग सुरुवातीला आपसूक आत येणारं रक्त कमी पडतं आणि वरच्या कप्प्याला जोर लावून उरलेलं ढकलावं लागतं. हेच ते डायस्टॉलिक डिसफंक्शन, ग्रेड वन म्हणजे सगळ्यात सौम्य. रिपोर्टात ई (आपसूक येणाऱ्या रक्ताचा वेग) आणि ए (ढकललेल्या रक्ताचा) असे आकडे असतील, ई लहान दिसेल. साठीनंतर बीपी नसलेल्यांतही हे दिसतं. बीपी आटोक्यात ठेवायचं, बस.

प्रतिसाद ३
अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करा. सासऱ्यांना फार गुण आला.

प्रतिसाद २
ऑपरेशनच्या तोंडावर नवीन काही नको, भूलतज्ज्ञांना न विचारता तर अजिबातच नको.

धागाकर्ती
ई ०.५, ए ०.७. तुम्ही म्हणता तसंच! आईला वाचून दाखवलं. ऑपरेशनच्या सकाळी बीपीची गोळी द्यायची का?

प्रतिसाद १
गोळी कोणती त्यावर आहे. काही आदल्या दिवसापासून थांबवतात, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) सहसा चालू ठेवतात. गोळ्यांची पट्टीच भूलतज्ज्ञांना दाखवा.