मदत हवी आहे : गुडघ्यांची झीज, पाखाडी आणि तोल

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते, वय ५८. दोन्ही गुडघे झिजलेत, डावा जास्त. एक्स-रेत झिजेची ग्रेड ३ आली, म्हणजे चारपैकी तिसरी पायरी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी मांड्यांत ताकद आणा. चिपळूणला फिजिओथेरपीसाठी तीनदा जाऊन आले, पण अख्खा दिवस मोडतो आणि एसटीची पायरी चढतानाच गुडघे बोलायला लागतात. म्हणून सहा आठवडे व्यायाम घरीच करतेय.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबते. उताणं झोपून एक पाय दुमडते नि दुसरा सरळ उचलते. शेवटी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठ-बस. न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठताना आता भिंत धरावी लागत नाही, एवढा फरक नक्की आहे.

पण उठ-बस केली की संध्याकाळी डावा गुडघा ठणकतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, झिजलेला सांधा आणखी कशाला झिजवतेस? मला ते पटत नाही, तरी ठणका लागला की धीर सुटतो. किती दुखलं तर चालतं?

आणि तोल. घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्यांची पाखाडी आहे, चौतीस पायऱ्या, धरायला काही नाही. गेल्या श्रावणात शेवाळावरून पाय सरकला. हाड वाचलं, पण तेव्हापासून उतरताना पाऊलच पुढे पडत नाही. दुखण्यापेक्षा ही भीती मला जास्त छळते. एका पायावर उभी राहिले तर चार सेकंदांत डगमगते. घरच्या घरी कोणाचा तोल सुधारलाय का? वाडीतल्या आणखी दोघींचं हेच आहे, तिघी मिळून आमच्या पडवीत करणार आहोत. तेलं, लेप नका सुचवू, सगळे लावून झाले.

प्रतिसाद :
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेताच्या व्यायामाने सांधा झिजत नाही. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. दुखणं ० ते १० मध्ये मोजा. व्यायाम करताना ५ पर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालू ठेवा. नाही उतरलं तर बंद करू नका, खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा किंवा दहाच्या सहा करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून.

तोलासाठी एकदम एका पायावर नको. पडवीचा खांब धरा, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून उभ्या राहा. जमलं की पूर्ण हाताऐवजी दोन बोटं टेकवा, मग एक पाय. उभ्यानेच पाय बाजूला उचलायचाही सराव करा. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असले तर शरीर कलतं. पाखाडी चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, काठी उजव्या हातात.

प्रतिसाद :
मी वेंगुर्ल्याची, वय ६३. माझा पाय तीन महिन्यांनी भरवशाचा झाला, सहा आठवडे थोडे आहेत. पण काकू, व्यायामाआधी पायऱ्या घासून घ्या आणि एका बाजूने लोखंडी पाइप बसवा. शेवाळावर मजबूत पायसुद्धा सरकतो.

धागाकर्ती :
दोघींचे मनापासून आभार. उशी ठेवून केलं, सकाळी गुडघा शांत होता. पाइपचं घरात आजच बोलते. आणखी एक विचारते : गणपतीत मोदकांसाठी दोन-तीन तास खाली मांडी घालून बसावं लागतं. टेबलावर करायला घरचे तयार आहेत, पण मला खाली बसणं पूर्ण सोडायचं नाहीये. खाली बसून पुन्हा उठण्याचा सराव कशाने सुरू करू?