जोडीनं पहिल्यांदा मुंबई बघायला गेलात तेव्हा काय ठरवलं होतं आणि काय झालं? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरकडचे. लग्नाला ९ वर्षं झाली पण दोघंच असं कुठं गेलोच नाही, आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलगी लहान, मग ह्यांचं दुकान. आता जानेवारीत ३ दिवस मिळतायत, मुलगी माझ्या आईकडं राहील. मुंबईला जायचं ठरलंय. हे एकदाच गेले होते, नोकरीच्या परीक्षेला, स्टेशन ते सेंटर आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी तर अजून समुद्रच बघितला नाही. बघण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या ढिगानं आहेत, वाचून डोकं गरगरतंय, त्या मला नकोत. तुम्ही दोघं गेलात तेव्हा काय जमलं, काय फसलं ते सांगा. मोठं लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

•••

आम्ही सोलापूरचे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलो, पहाटेच सीएसएमटीला उतरलो. माझ्याकडं २ दिवसांत १४ ठिकाणांचा तक्ता होता, अर्धा अर्धा तास सुद्धा लिहिलेला. पहिलंच ठिकाण घारापुरी आणि आम्ही गेटवेला पोचलो तो सोमवार, सोमवारी लेणी बंद असतात. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच, म्हटलं मग नॅशनल पार्क आणि कान्हेरी करू, पण पार्क पण सोमवारी बंद, हे बोरिवलीला जाऊन कळलं. एका दिवसात साडेतीन तास नुसते लोकल आणि टॅक्सीत. बायको काही बोलली नाही पण रात्री तिनं तो कागद घेतला आणि माझ्यासमोर घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी यादी नाही. हुतात्मा चौकातून चालत निघालो, ओव्हल मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती तिथं झाडाखाली बसलो. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दगडी, उंच, टोकदार कमानींचे, आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूला १९३० च्या आसपासच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती. दोन वेगळ्या काळांतली मुंबई, मधे फक्त मैदान. या सगळ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालाय. तिथं आम्ही दोन तास बसलो असू. आजही मुंबई म्हटलं की बायको त्या मैदानाचंच बोलते. तर माझं सांगणं एवढंच, वार बघा (राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद असतं) आणि एका दिवसाला एकच भाग धरा.

•••

गडहिंग्लजहून लिहितेय. माझा अनुभव लोकलचा आहे आणि तो तुम्ही नीट वाचाच.

चर्चगेटला ह्यांनी मला लेडीज डब्यात बसवलं आणि स्वतः पुढच्या जनरल डब्यात चढले, दादरला उतरायचं ठरलं. गाडी विरार फास्ट, वेळ संध्याकाळची सहा. मी आपली आत खिडकीला बसले मजेत, दादर आलं तेव्हा उठले तर दारापर्यंत पोचायच्या आधीच बायकांचा लोंढा आत आला आणि गाडी सुटली पण. फोन ह्यांच्या बॅगेत. मला रडूच फुटलं. पण त्या डब्यातल्या बायका, काय सांगू, एकीनं स्वतःचा फोन दिला, दुसरीनं हात धरून दारापाशी नेलं, तिसरी ओरडली "बांद्रा उतरणार आहे, जागा द्या तिला" आणि बांद्र्याला अक्षरशः सगळ्यांनी मिळून मला खाली उतरवलं. उतरल्यावर बघते तर हे पुढच्याच गाडीनं आले, चेहरा पांढराफटक. आम्ही बाकड्यावर बसून चहा घेतला, बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मग हे म्हणाले आता दोघांचे फोन आणि पैसे दोघांजवळ वेगळे राहणार. ते आजतागायत पाळतो.

तर नियम: चुकामूक झाली तर जो उतरला त्यानं त्याच स्टेशनवर इंडिकेटरखाली थांबायचं, जो पुढं गेला त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दोघांनी शोधत फिरलं तर दोघं हरवतात. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच दारापाशी जाऊन उभं राहायचं, आणि दादर, बांद्रा, अंधेरीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढायचंच नाही.

•••

गिरगावकर आहे, पाहुण्यांना फिरवण्यात आयुष्य गेलं म्हणून थोडं कामाचं लिहितो. सकाळी ८ ते ११ सगळी गर्दी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उलटी जाते. तुम्ही फोर्ट किंवा सीएसएमटीजवळ राहिलात तर गर्दीच्या उलट दिशेनं फिराल, बसायला जागा मिळेल. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही लोकल बंद, आदल्या दिवशी बघून ठेवा. रिक्षा शोधू नका, बांद्रा आणि सायनच्या अलीकडे शहरात रिक्षा नाहीतच, टॅक्सी नाहीतर बस. आता ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय, सीएसएमटी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर सगळं एका लायनीवर, नवख्या माणसाला लोकलपेक्षा शंभरपट सोपी. पण एकदा तरी दुपारी बारा-एकला लोकलमध्ये बसाच, त्याशिवाय मुंबई बघितली असं होत नाही. सीएसएमटीला सकाळी उतरलात आणि रूम दुपारी मिळणार असेल तर सामान क्लोकरूममध्ये टाका, बॅगेला कुलूप मात्र पाहिजे.

आणि ताई, तुम्ही समुद्र बघितला नाही म्हणता. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून पश्चिमेला चालायला लागा, पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह. सूर्य मावळायच्या तासभर आधी जा आणि दिवे लागेपर्यंत कठड्यावरून उठू नका.

•••

नातेवाइकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आम्ही ४ दिवस गेलो होतो. एक आत्या डोंबिवलीला, ह्यांचे मामा विरारला, चुलत नणंद बदलापूरला. प्रत्येकीकडे जेवण, ओटी, फोटो अल्बम. माणसं फार प्रेमळ, त्याबद्दल एक शब्द नाही, पण ४ दिवसांतले ३ गेले आणि गेटवे आम्ही टॅक्सीतून बघितला. परत आल्यावर मी दोन दिवस गप्प होते. पुढच्या वर्षी परत गेलो, कुणाला न कळवता, आणि ते आमचं खरं पहिलं जाणं. येऊन भेटा म्हणणाऱ्यांना आधीच फोन करून सांगा की यावेळी दोघंच आलोय. थोडं रुसतील, पण चालतं. मी तरी हेच करेन.

•••

अमरावती. मी स्वतः नाही, आईबाबांना पाठवलं त्याचा अनुभव आहे. बाबा मुंबईला ८-१० वेळा गेलेले पण कायम ६ डिसेंबरलाच, चैत्यभूमीला, शिवाजी पार्कात रात्र काढायची, तासन्‌तास रांग, दर्शन आणि परत. आई कधीच गेली नव्हती. मी मस्त प्लॅन केला, म्युझियम, तारांगण, मॉल, सगळं. आई म्हणे आमाले हे नाही पाहिजे, आमी चैत्यभूमीलेच जातो पण गर्दी नसल तवा. मग मार्चमधे गेले, मी सोबत होतो. सकाळी आठला तिथं मोजकी माणसं. बाबा आत गेले आणि बसले, खाली, भिंतीला टेकून, म्हणाले इतक्या वर्षात पहिल्यांदा इथं बसाले भेटलं. बाहेर आलो तर मागं लगेच दादरची चौपाटी, भरती होती, आईनं लुगडं वर धरलं आणि पाण्यात पाय घातले, बाबांचा हात सोडला नाही. नंतर हिंदू कॉलनीत राजगृह बघितलं, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. बाबांनी दारातच चपला काढल्या. बाकीचं सगळं मी रद्द केलं. मले वाटते तिथं काय बघायचं ते जाणाऱ्या दोघाले विचारा, नेटले विचारू नका.

•••

छोटंसं. रूम बुक करताना फोटोवर जाऊ नका, आम्ही भोगलंय, खिडकीच नव्हती. फोन करून खिडकी आहे का, लिफ्ट आहे का, चेकइन किती वाजता, हे तिन्ही विचारा, दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा. आणि घारापुरीला गुडघे दुखणारं कुणी असेल तर लक्षात घ्या, बोट जवळजवळ तासाची, वर साधारण १२० पायऱ्या. हातात खाऊ ठेवला की माकडं सोडत नाहीत. पण वर गेल्यावर ती त्रिमूर्ती, अंधारात हळूहळू डोळे सरावतात आणि मग ते तीन चेहरे दिसायला लागतात, त्यासाठी सगळं सोसावं.

•••

पुण्याहून. रविवार असेल तर दादरला शिवाजी मंदिरला नाटकाचं तिकीट काढा! आधी तिथल्या प्रकाश हॉटेलात साबुदाणा वडा आणि पियूष, मग नाटक. आमची बेस्ट संध्याकाळ.

•••

मी परत आले, सगळं दोनदा वाचलं, ह्यांना पण मोठ्यानं वाचून दाखवलं. गडहिंग्लजच्या ताई, तुमचं वाचताना माझ्याच पोटात गोळा आला, फोन वेगळे ठेवायचं पक्कं.

आता असं ठरतंय. शनिवार ते सोमवार, म्हणजे घारापुरी रविवारी सकाळी. बुडाली तर नाटकाची संध्याकाळ बुडेल पण दोन्ही करायला जाणार नाही, लेण्या बघायच्यात मला. सोमवारी मेट्रोनं सिद्धिविनायक आणि दादर. ठाण्याच्या काकूंना फोन केला, त्या रुसल्या नाहीत, उलट म्हणाल्या जा गं बाई एकदा.

शनिवारचं मी ह्यांना विचारलं, तुम्हाला काय बघायचंय. आधी काहीच नाही म्हणाले, नेहमीसारखं. मग गिरगावच्या दादांचं ते चर्चगेटचं परत वाचायला लावलं. परीक्षेचं सेंटर चर्चगेटलाच होतं म्हणे. पेपर अवघड गेला म्हणून खाली मान घालून स्टेशनात आले आणि गाडी धरली, समुद्र पाच मिनिटांवर होता हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. १४ वर्षं झाली त्याला.

शनिवारी संध्याकाळी तिथंच जातोय. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं, दोन्ही खालचे बर्थ मिळालेत.